उरलेलं कापड आणि त्याचे वारस

मराठी घरात उरलेलं कापड नावाची वस्तू नसते. नवं कापड असतं, जुनं असतं, ‘असू दे, लागेल कधीतरी’ असंही असतं. पण ज्याच्यावर कुणाचाच हक्क नाही असं वीतभर कापड आमच्या कुठल्याही कपाटातून काढून दाखवा, संध्याकाळच्या आत मी त्याचे तीन वारस हजर करते.

आमच्याकडे कापड मरत नाही, त्याची बदली होते. लग्नाकार्यातून उतरलेली साडी बाजारहाटाला लागते, तिथून घरात येते, घरातून ओट्यापाशी. मग कधीतरी तिचे दोन तुकडे होतात. एक माळ्यावरच्या गाद्यांवर पडतो, दुसरा इस्त्रीखाली जातो आणि तिथं त्रिकोणी डाग पडला की दळणाच्या डब्याच्या तोंडाला बांधला जातो. पुरुषांच्या बनियनला एवढ्या पायऱ्या नाहीत. ते अंगावरून थेट स्कूटरच्या डिकीत जातं आणि स्कूटर विकली तरी घरातच राहतं.

या फेऱ्यातून सुटायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे बोहारीण. ती दारात फतकल मारून बसायची, साडी उजेडाला धरायची आणि विणणाऱ्यालाही दिसली नसतील अशी भोकं तिला दिसायची. चार साड्या आणि दोन पँटी एका बाजूला, झाकण नसलेलं पातेलं दुसऱ्या बाजूला, असा सौदा तासभर चालायचा आणि ‘आणखी एक शर्ट टाका ताई, झाकण पण देते’ इथं येऊन अडायचा. आमच्याकडची बरीचशी झाकणं मूळची आमच्या यजमानांचे शर्ट आहेत. जेवताना आपण ते सांगत नाही, इतकंच.

आता बोहारणी कमी झाल्या आणि कपाटं तुंबली. अशा तुंबलेल्या दिवसांत आमच्या गार्गीनं एक फोटो पाठवला.

गार्गी पुण्याला हिंजवडीत नोकरी करते आणि दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. फ्लॅटला एसी आहे. वीज वाचावी म्हणून 2020 पासून आपल्याकडे नवा एसी सुरू केला की तो 24 वर सुरू व्हावा, असा सरकारनं नियमच केला आहे. या मुली तो लावतात, 24 वरून 18 वर आणतात आणि मग थंडी वाजते म्हणून पांघरूण शोधतात. मी म्हटलं, अगं, 24 वरच ठेवलास तर पांघरूण लागायचंच नाही. तर म्हणते, ‘मग पांघरूण घ्यायची मजा काय, आई?’ यावर काय बोलणार? एरवी आपल्याकडे थंडी ती केवढी! दोन महिने, आणि तीही आली तर. उरलेले दहा महिने गोधडीनं घडी होऊन पडायचं. एसीनं तिला बारमाही नोकरी लावली, हे मान्य करायला हवं.

फोटो मॉलमधल्या एका दुकानाचा होता. काचेमागं एक गोधडी, तिच्यावर दिव्याचा झोत आणि चिठ्ठीवर ‘हँडमेड व्हिंटेज पॅचवर्क क्विल्ट’. किंमत पाच आकडी. यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा आकडे मोजले, पाचच होते. गाडगेबाबा (1876–1956) चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव झाडत हिंडले, तेव्हा लोक त्या चिंध्या बघून त्यांना वेडा म्हणायचे. आज त्याच वेशात ते त्या मॉलच्या दाराशी गेले असते तर रखवालदारानं अडवलं असतं आणि आतून धावत आलेल्या एखाद्या बाईनं अंगावरच्या कापडाचा भाव विचारला असता.

त्याच सुमारास आक्का साताऱ्याला आमच्याकडे आल्या होत्या. आक्का म्हणजे ह्यांच्या आत्या. वाईच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. वय ऐंशीच्या घरात, दात स्वतःचे, आणि ऐकू कमी येतं ते फक्त आपण त्यांना विश्रांती घ्या म्हटलं तर. त्यांना फोटो दाखवला.

‘ही तर वाकळ हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आन् वाकळंला काचंत कशापायी कोंडलंय? पळून जाती व्हय?’

किंमत सांगितली. आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. माळ्यावरच्या स्वतःच्या वाकळा त्यांनी मनात मोजून घेतल्या असाव्यात, कारण एकदम ताठ होऊन म्हणाल्या, ‘म्हंजी मी लखपती हाय की गं!’

मग त्यांनी जाहीर केलं की, पोरीनं असल्या दुकानात पाऊल ठेवायचं नाही, वाकळ त्या शिवून देणार. ‘तुमी फकस्त कापड द्या.’

फकस्त कापड! आक्कांच्या गावात कापड मागितलं की लोक देत असतील. आमच्याकडे त्यासाठी रविवारी बैठक बोलवावी लागली. धाकट्या जाऊबाई मंजिरी आल्या, नणंद सुनंदाताई आल्या, मी होतेच. प्रत्येकीनं गाठोडं आणलं होतं आणि प्रत्येकीचा एक हात त्या गाठोड्यावर होता.

मंजिरीनं निळी सुती साडी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत आत घातली. ‘ही नको ताई, ही माझ्या पहिल्या पगाराची.’ मग जांभळी काढली. तिचा नुसता काठ घ्या म्हणाली, अंग राहू दे. नुसत्या अंगाचं ती काय करणार होती, हे तिला कुणी विचारलं नाही. सुनंदाताईंनी मोठ्या मनानं तीन चादरी पुढं केल्या. तिन्ही माझ्याच निघाल्या, त्यांच्या बाळंतपणाच्या वेळी गेलेल्या. त्यांचा मुलगा आता इंजिनियर आहे. मी दोन साड्या आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. मंजिरीनं त्यांच्याकडे बघितलं आणि ‘या मी दिलेल्या ना, दिवाळीला?’ एवढंच विचारलं. आवाज अगदी गोड होता.

कृष्णाचं बोट कापलं तेव्हा चिंधी कुणी दिली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सख्खी बहीण सुभद्रा चिंधी शोधत बसली, कारण घरातलं एकेक वस्त्र भारी. आणि द्रौपदीनं अंगावरचंच फाडून बोटाला बांधलं. कीर्तनकार ही गोष्ट सांगतात तेव्हा आम्ही सगळ्याजणी द्रौपदीच्या बाजूनं माना डोलावतो. त्या रविवारी आमच्या दिवाणखान्यात मात्र झाडून सगळ्या सुभद्रा जमल्या होत्या.

ब्लाउजपीस तेवढे भरपूर निघाले. हे कापड दुकानातून निघतं ते शिवायला निघत नाही, फिरायला निघतं. माझ्या ओटीत पडलेला खण मी श्रावणात कुणाच्या तरी ओटीत घालते, तिथून तो डोहाळेजेवणाला जातो, तिथून वास्तुशांतीला. एक मोरपंखी ब्लाउजपीस तर कोपऱ्यातल्या कुंकवाच्या डागासकट माझ्याकडे परत आला होता. मधल्या काळात तो माझ्यापेक्षा जास्त घरं फिरला असणार. शंभर टक्के सुती असं त्यावर छापलेलं असतं. आक्कांनी एक चोळून पाहिला, चुरगाळून सोडला आणि म्हणाल्या, ‘समदी खळ हाय. एका धुण्यात मच्छरदाणी व्हईल.’ सगळा गठ्ठा नामंजूर.

यजमानांनी या कामात आपलाही वाटा असावा म्हणून सफारी सूट आणला. लग्नातला, बदामी रंगाचा, टेरिलीनचा. तो त्यांना होत नाही, कुणालाच होत नाही, बोहारणीनंही तो तीनदा परत केलेला आहे. एकदा तर वरती एक वाटी देऊन परत केला. टेरिलीनचा शोध 1941 साली इंग्लंडात दोघा संशोधकांनी लावला. ते दोघेही कधीच गेले, पण त्यांच्या कापडाला मरण नाही. आक्कांनी सुई लावली, ती वाकली. ‘घाम पीत न्हाई, सुई घेत न्हाई, फाटत न्हाई,’ आक्का म्हणाल्या. ‘असलं कापड मानसानं घालू ने आन् वाकळंनं बी.’ यजमान सूट घेऊन आत गेले. तो आता पुन्हा कपाटात, हँगरला आहे.

एवढ्यात कुणाच्या तरी गाठोड्यातून सासूबाईंची हिरवी इरकल निघाली. कुणाच्या, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. लाल टोपपदर, मऊसूत झालेलं पोत, नऊवार. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण या लुगड्याचा निकाल लागलेला नाही. सुनंदाताई म्हणाल्या, आईचं लुगडं लेकीकडं जातं. मंजिरी म्हणाली, शेवटच्या दुखण्यात आईंनी मला तोंडानं सांगितलं होतं. मी काही म्हटलं नाही. सासूबाईंचं कपाट माझ्या खोलीत आहे, मला म्हणायची गरज नव्हती.

‘वैनीचं व्हय ते?’ आक्कांनी हात पुढं केला. आम्हाला वाटलं, त्या नुसतं बघताहेत. त्यांनी दातानं कड तोडली, दोन्ही हातांत कापड धरलं आणि टर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. सुती कापड असं धाग्याच्या सुमारानं सरळ रेषेत फाटतं, कात्रीसुद्धा इतकं सरळ कापत नाही. पण त्या वेळी ही माहिती घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

‘ही वर,’ आक्का म्हणाल्या. ‘मधोमध.’

आणि इथून सगळं वारंच फिरलं. याचं मर्म समजायला गोधडीचं अंतरंग माहीत हवं. रजईत नाहीतर दुलईत कापूस असतो, त्यासाठी पिंजारी लागतो. आमच्याकडच्या गोधडीत कापसाची बोंडभरही भरती नसते. कापडावर कापड, त्यावर कापड, असे पाच-सहा पदर, आणि त्या पदरांमध्ये अडकलेली हवा हीच तिची ऊब. आता या पदरांत वरचा पदर दिसतो, खालचा दिसतो. मधले जे पोटात जातात ते कायमचे गेले. विटक्या चादरी, फाटकी धोतरं, जीर्ण पातळं सगळं पोटात. म्हणजे कुणाचं कापड तोंडावर येतं आणि कुणाचं पोटात जातं, यावर त्या घरातलं तुमचं स्थान जन्मभर सगळ्यांना पांघरून बघता येतं.

हे लक्षात आल्याबरोबर पहिल्या पगाराची निळी साडी गाठोड्यातून आपणहून बाहेर आली. ‘हिरव्याला निळा छान दिसतो,’ मंजिरी म्हणाली. सुनंदाताई घरी फोन करून नारायणपेठी मागवून घेऊ लागल्या. मीही, गार्गीची आई म्हणून, माझं चिंतामणी रंगाचं पातळ पुढं सरकवलं. मघाशी कुणी चिंधी सोडत नव्हतं, आता साड्या आवरेनात. त्या गडबडीत मंजिरीनं मला दिलेल्या दोन साड्या गुपचूप पोटात गेल्या आणि त्याबद्दल दोघींनाही हायसं वाटलं.

आक्कांनी यातलं काहीच ऐकलं नाही. त्यांनी सोफा भिंतीला लावायला लावला, टीपॉय गॅलरीत पाठवला आणि फरशीवर सासूबाईंचं उरलेलं लुगडं अंथरलं. यजमान टेप घेऊन आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि अंदाजपत्रकाशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही.

‘नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट,’ ते म्हणाले. ‘सात फुटांच्या घड्या घातल्या तर एका लुगड्यात साधारण पावणेचार पदर बसतात. पावणेचार हा काही बरोबर आकडा नाही, आत्या. गोधडी पावणेसात फुटांची केली तर बरोब्बर चार बसतील.’

‘पोरगी केवढी हाय?’

‘पाच फूट तीन इंच.’

‘मग लुगडं बगून पाय पसरील ती,’ म्हणून आक्कांनी विषय संपवला. तरी लांबी सात फूटच धरली गेली आणि रुंदी पाच. पाव पदर कमी पडला तिथं माझी चादर गेली.

मग वरच्या पदराची मांडणी. गार्गी शनिवारी पुण्याहून आली होती. तिला तुकडे कसेही, वाकडेतिकडे हवे होते. फोनवर तिनं तशी चित्रं दाखवली. आक्कांना वाकडं चालत नाही. तेव्हा यजमानांनी विनयपिटकातला दाखला काढला. मगध देशातून जाताना बुद्धांनी बांध घातलेली भातखाचरं पाहिली आणि शिष्य आनंदाला विचारलं, भिक्षूंसाठी अशी चीवरं करता येतील का; आणि आनंदानं तुकडे जोडून तशी केली. म्हणजे ठिगळांच्या नक्षीला अडीच हजार वर्षांचा आधार आहे आणि ती शेताप्रमाणे आखीव आहे. आक्कांनी एवढी एकच गोष्ट कान देऊन ऐकली, कारण तिच्यात शेत होतं. ‘खाचरं व्हय? मग सांगायचं की आदी,’ म्हणाल्या आणि सरळ आपला सातबारा मांडायला बसल्या. सासूबाईंची इरकल म्हणजे विहिरीजवळचं रान, त्याच्या उशाला सुनंदाताईंची नारायणपेठी, पायथ्याला मी, कडेनं मंजिरीचं निळं, आणि काठांच्या पट्ट्यांचे बांध.

शेत म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. आम्ही चहा प्यायला उठलो आणि परत येऊन बघते, तर निळा तुकडा माझ्या चिंतामणीवर चांगला दोन बोटं सरकलेला. मंजिरी म्हणे, पंख्यानं उडाला असेल. बांध कोरणारे सगळे पंख्यावरच ढकलतात. यजमानांनी टेप लावून सरकारी मोजणी केली, आक्कांनी चारी बाजूंनी टाचण घातली, तेव्हा कुठं हद्द कायम झाली.

शिवणं सुरू झालं तशी घराची रचनाच बदलली. गोधडी बाहेरच्या कडेनं सुरू होते आणि धावदोरा घालत घालत, चौकोनातून आतल्या चौकोनात, मध्यापर्यंत येते. चार बाजूंना चार बायका बसतात आणि दोरा जसा आत सरकतो तशा त्याही सरकतात. पहिल्या दिवशी सुनंदाताई माझ्यापासून पाच फुटांवर होत्या, तेव्हा बोलणं महागाई, पाऊस, टीव्हीवरची मालिका असं चाललं होतं. गुडघे जवळ आले तसे विषयही जवळ आले. कुणाच्या लग्नात कुणाला मानाचं पातळ मिळालं नाही, इथपर्यंत आम्ही अर्ध्या गोधडीतच पोहोचलो. आक्का म्हणतात, गावाकडं उन्हाळ्यात शेतं रिकामी असली की बाया वाकळा घालतात, आणि भाऊबंदकीच्या निम्म्या कज्जांचा उगम वाकळंच्या मध्यावर सापडतो.

टाक्यांवरून माणूस ओळखू येतो, हेही तिथं कळलं. आक्कांचे टाके तांदळाएवढे, एका मापाचे, चष्म्याशिवाय. मंजिरीचे सुरुवातीला बारीक आणि फोन आला की लांब. तिच्या बाजूवरून तिला किती फोन आले ते मोजता येतं. सुनंदाताई अंगुस्तान घातल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत आणि अंगुस्तान सापडत नाही, त्यामुळं त्यांच्या बाजूला आक्काच अधूनमधून जाऊन बसायच्या.

एकदा सुई हरवली. गोधडीच्या कामात सुई हरवणं ही लहान गोष्ट नाही. घरातली सगळी माणसं चपला घालून, पाय घासत, वाकून चालू लागली. यजमानांनी कुठून तरी लोहचुंबक आणलं आणि दिवाणखान्याचे चौकोन पाडून शोधमोहीम काढली. त्यात दोन सेफ्टीपिना, एक कानातल्याची फिरकी आणि मंजिरीचं मागच्या गणपतीपासून हरवलेलं हुक सापडलं. सुई आक्कांच्या अंबाड्यात होती. त्यांनी ती तिथं खोचली होती आणि आमची गंमत बघत बसल्या होत्या.

मोहिमेतून मोकळे झालेले यजमान कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ‘साठ इंच गुणिले चौऱ्याऐंशी. दोन ओळींत अर्धा इंच. म्हणजे एकूण दोरा चालणार 10,080 इंच, 840 फूट. साडेतीन कुतुबमिनार एकावर एक! इंचाला चार टाके धरले तर 40,320 टाके.’

‘मोजत बसलास तवर धा घातलं असतंस,’ आक्का म्हणाल्या आणि त्यांच्या हातात दोरा ओवायला दिला. तेव्हापासून यजमान दोरा ओवण्याच्या खात्यावर होते. त्यांनी एकदम बारा सुया ओवून उशीला रांगेत टोचून ठेवायची पद्धत काढली. ही पद्धत उत्तम आहे, फक्त त्या उशीवर दुपारी आपणच झोपायला जाऊ नये.

गार्गी मदतीला बसली की निम्मा वेळ फोनमध्ये असायची, पण वाचून दाखवायची, म्हणून आक्का तिला काही म्हणत नसत. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, पूर्वी गुलाम म्हणून आणलेल्यांच्या लेकी-नाती, पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 साली त्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं, मग न्यूयॉर्कला गेलं. 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. गीज बेंडमधलीच एक गोधडी 1942 मधली. नवरा गेल्यावर एका बाईनं त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून शिवलेली.

‘मग त्या कापडांचं दुसरं काय करायचं हुतं?’ आक्का म्हणाल्या. ‘ह्यांची धोतरं मी दोन वाकळंत घातली. बोहारणीला द्यायची व्हय?’ आणि थोड्या वेळानं, ‘तिकीट काढत्यात म्हंजी? पत्राला लावायचं? वाकळंचं?’

‘हो आज्जी.’

‘आन् वाकळ पाठवायची झाली तर तिला कसलं लावत्यात?’

याचं उत्तर फोनमध्ये नव्हतं.

मग गार्गीनं कर्नाटकातल्या सिद्दी बायकांचं वाचलं. आफ्रिकेतून आलेल्यांची ही वंशज मंडळी उत्तर कन्नडच्या रानात, यल्लापूर-हल्याळच्या भागात राहतात आणि त्यांच्या बायका अगदी अशाच, कडेकडून आत येणाऱ्या धावदोऱ्याच्या गोधड्या घालतात. त्यांना कौंदी म्हणतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. ती नसली तर गोधडी उघडी समजतात. आक्कांना हे एकदम पटलं. ‘आमच्यात पोटाचं बगत्यात,’ म्हणाल्या. शेवटचा टाका घालायच्या आधी त्यांनी मला आत पिटाळलं आणि चपातीचा तुकडा आणि चिमूटभर तांदूळ आणायला लावले. ते कापडात गुंडाळून त्यांनी गोधडीच्या पोटात सारले आणि टाका घातला. गोधडी उपाशी ठेवायची नसते, भरल्या पोटी ती माणसाला ऊब देते. सुनंदाताईंनी हळूच विचारलं, मुंग्या नाही का येणार? आक्कांना त्या दिवशी ऐकू आलं नाही.

तयार झालेली गोधडी उचलायला दोघं लागले. धुवायची कशी, हा प्रश्न मग निघाला. पूर्वी नवरात्राच्या आधी अख्खं गाव अंथरूण-पांघरूण घेऊन नदीवर लोटायचं, गोधड्या दगडावर आपटायच्या आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून पिळायच्या. त्यात पिळणाऱ्यांपैकी एक तरी पाण्यात पडायचा, तो बहुतेक करून नवा जावई असायचा. आमचं धुण्याचं यंत्र साडेसहा किलोचं आहे. गोधडी त्यात कोरडी जेमतेम मावली. भिजल्यावर तिचं वजन किती झालं कोण जाणे, यंत्र जागचं उठलं आणि चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत आलं. शेवटी गच्चीवर यजमान आणि दीर यांनी ती पिळली. शेजारच्यांनी त्याचा व्हिडिओ काढला आहे.

गार्गी गोधडी घेऊन पुण्याला गेली. निरोपाच्या वेळी प्रत्येकीनं तिला आपापला तुकडा नीट दाखवून ठेवला, म्हणजे एसीत थंडी वाजताना नेमकं कुणामुळं वाजत नाही ते तिला कळावं.

पुढच्या रविवारी सगळ्याजणी आमच्याकडेच होत्या, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. पलंगावर जुनीच चादर दिसत होती.

‘वाकळ कुटं हाय?’ आक्कांनी पहिलं हेच विचारलं.

गार्गीनं फोन फिरवला. गोधडी भिंतीवर होती. उभी, ताणून, खाली छोटे पिवळे दिवे.

‘भितीला थंडी वाजतीया व्हय गं?’

‘अहो आज्जी, आर्ट आहे ते! माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, पांघरलीस तर खराब होईल. गीज बेंडच्या पण अशाच लावतात. सगळे विचारतात, कुठून घेतली.’

आक्का चष्मा न लावता स्क्रीनजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, त्यांना आवडलंय.

‘कशावर लटकावलीया?’

‘खिळे मारलेत. दोनच. वरच्या कडेला.’

‘कुनाच्या कापडात?’

गार्गी स्टुलावर चढली असावी. ‘चॉकलेटी आहे… सोनेरी काठ.’

‘माझ्या नारायणपेठीत?’ सुनंदाताई उभ्या राहिल्या. ‘जरीत? खिळा?’

‘आत्या, फक्त दोन आहेत गं…’

‘तरी मी म्हणत होते, उशाला निळा घ्या,’ मंजिरी म्हणाली.

‘निळ्यात मारले असते तर चाललं असतं का तुला?’

‘मी दिलीच असती खिळ्याला जागा. माझं मन एवढं लहान नाही.’

‘मग बांध कुणी कोरला होता?’ मी विचारलं. यजमान टेप शोधायला आत गेले.